तुम्ही विचारलंत म्हणून: राझग्राडसारखं छोटं गाव सलग 14 वर्षं कसं जिंकलं?

बल्गेरियन फुटबॉलचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ईशान्य बल्गेरियातल्या राझग्राडची वस्ती जेमतेम तीसेक हजार. तिथल्या लुडोगोरेत्सने 2012 ते 2025 सलग 14 वेळा देशाची लीग कशी काय जिंकली? आणि विचारणारा लगेच स्वतःच उत्तर देऊन टाकतो: मालकाचा पैसा, दुसरं काय!

पैसा होताच, नाकारायचं कारण नाही. पण पैसेवाले मालक राजधानी सोफियातल्या क्लबांनाही मिळाले होते. लुडोगोरेत्सचं वेगळेपण पैसा कुठे आणि कोणत्या क्रमाने लावला यात आहे.

इतिहासाच्या पुस्तकात या गावाचं नाव येतं ते 251 साली रोमन सम्राट डेसियस याच परिसरातल्या लढाईत मारला गेला म्हणून. फुटबॉलच्या नकाशावर मात्र ते जवळजवळ नव्हतंच. लुडोगोरेत्स नावाचा जुना क्लब खालच्या विभागांत खेळत खेळत बंद पडला. 2001 मध्ये गावात निघालेल्या दुसऱ्या क्लबने 2010 मध्ये ते जुनं नाव घेतलं. त्याच वर्षी तो तिसऱ्या विभागातून दुसऱ्यात चढला आणि सप्टेंबरमध्ये किरिल दोमुस्चिएव यांनी तो विकत घेतला. दोमुस्चिएव बंधूंची ह्युवेफार्मा ही पशुऔषधं आणि पशुखाद्यातले घटक बनवणारी कंपनी. तिचा कारखाना राझग्राडमध्येच आहे. (पुण्यातही तिची कंपनी आहे, त्यामुळे पोल्ट्री व्यवसायातल्या वाचकांना हे नाव ओळखीचं असेल.) गावात कारखाना असलेला माणूस सहज क्लब सोडून जात नाही, हे इथे फार महत्त्वाचं ठरलं.

2011 मध्ये संघ पहिल्या विभागात आला. पहिली खरेदी मोठ्या नावांची नव्हती. स्थानिक लीगची नस माहीत असलेले बल्गेरियन खेळाडू, जसा मधल्या फळीतला स्वेतोस्लाव द्याकोव, आणि जोडीला ब्राझीलचा मार्सेलिन्यो. 23 मे 2012 ला शेवटच्या सामन्यात समोर सीएसकेए सोफिया होता, 69 गुणांवर. लुडोगोरेत्सचे 67. सीएसकेएला बरोबरीही पुरली असती. मिरोस्लाव इवानोवच्या एकमेव गोलवर लुडोगोरेत्स जिंकला आणि एका गुणाने चॅम्पियन झाला. त्याच वर्षी कप आणि सुपर कपही राझग्राडला आले.

इथून पुढचं बारकाईने पाहण्यासारखं आहे. प्रशिक्षकांच्या बाबतीत हा क्लब अजिबात धीर धरत नाही. ती किमया करणाऱ्या इवायलो पेतेव यांना 2013 च्या हंगामाच्या सुरुवातीलाच जावं लागलं. नंतरच्या स्तोइचो स्तोएव यांच्या संघाने नेदरलँड्सच्या पीएसव्हीला दोनदा हरवलं, इटलीच्या लात्सिओला युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेबाहेर काढलं. तरी 2014 च्या उन्हाळ्यात तेही गेले आणि गेओर्गी देर्मेंजिएव आले. पण खेळाडूंचा कणा तोच राहिला. द्याकोव, मार्सेलिन्यो आणि रोमानियन सेंटर बॅक कोस्मिन मोत्सी नऊ-दहा वर्षं टिकले. प्रशिक्षक बदलला तरी मैदानावरची सवय बदलत नव्हती. माझ्या मते या सगळ्या यशाची किल्ली हीच.

पैशाचं चाक फिरायला लागलं 27 ऑगस्ट 2014 ला. युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग; तिच्या गट फेरीआधीची शेवटची पात्रता फेरी, म्हणजे प्ले-ऑफ, समोर रोमानियाचा स्तेआउआ. पहिला सामना स्तेआउआने 1-0 जिंकलेला. परतीचा सामना सोफियात, कारण राझग्राडचं मैदान युएफाच्या (युरोपीय फुटबॉल महासंघाच्या) निकषांत बसत नव्हतं. 90 व्या मिनिटाला वांदेर्सनने गोल केला आणि जादा वेळ सुरू झाला. 119 व्या मिनिटाला गोलकीपर स्तोयानोवला रेड कार्ड. तिन्ही बदल वापरून झालेले, म्हणजे राखीव गोलकीपर आत आणायची सोय नाही. मोत्सीने ग्लोव्हज घातले. शूटआउटमधली आपल्या संघाची पहिली पेनल्टी त्यानेच मारली, गोल केला, मग गोलमध्ये उभं राहून दोन अडवल्या. 6-5. मोत्सी पूर्वी दिनामो बुखारेस्टचा, म्हणजे स्तेआउआच्या हाडवैऱ्यांचा खेळाडू! राझग्राडच्या स्टेडियमचा एक स्टँड आज त्याच्या नावाचा आहे.

आता हिशेब पाहा. त्या काळी गट फेरीत नुसतं पोचलं की 86 लाख युरो, प्रत्येक विजयाला 10 लाख, बरोबरीला 5 लाख. लुडोगोरेत्सने स्वित्झर्लंडच्या बासेलला 1-0 हरवलं (चॅम्पियन्स लीगच्या गटात बल्गेरियन क्लबचा तो पहिला विजय) आणि लिव्हरपूलशी 2-2 बरोबरी केली. म्हणजे टीव्हीचा वाटा धरायच्या आधीच 1 कोटी 1 लाख युरो. देशातल्या बाकी क्लबांना हे दारच बंद होतं. जो चॅम्पियन तोच चॅम्पियन्स लीगच्या दारात, जो तिथे पोचला त्याचीच तिजोरी भरलेली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच चॅम्पियन.

हे चाक अडतं ते जुलैत, युरोपातल्या पात्रता फेऱ्यांत. 2015 मध्ये मोल्दोवाच्या मिल्सामीने लुडोगोरेत्सला दोन्ही सामन्यांत हरवून बाहेर काढलं. देशातली लीग नुकतीच सुरू होत असते, नवे खेळाडू रुळलेले नसतात, आणि दोन सामन्यांत वर्षभराच्या कमाईचा निकाल लागतो. दुसरी अडचण यादीची. युएफाच्या 25 जणांच्या मुख्य यादीत 4 जागा क्लबनेच घडवलेल्या खेळाडूंसाठी असतात. घडवलेला म्हणजे 15 ते 21 या वयात तीन हंगाम क्लबकडे नोंदलेला. तसे खेळाडू नसले तर त्या जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, यादी 21 वर येते. नव्याने उभ्या राहिलेल्या क्लबकडे असे खेळाडू कुठून असणार? म्हणून अकादमी आली, आणि 2015 पासून लुडोगोरेत्सचा दुसरा संघ दुसऱ्या विभागात खेळू लागला.

तेव्हा हा क्लब समजून घ्यायचा असेल तर मे महिन्यातला जल्लोष नंतर पाहा, आधी जुलैतल्या पात्रता फेऱ्या पाहा. 2024 पासूनच्या रचनेत पहिल्या फेरीपासून खेळणाऱ्या चॅम्पियनला चॅम्पियन्स लीगपर्यंत चार फेऱ्या, म्हणजे आठ सामने पार करावे लागतात. पहिल्या दोन फेऱ्या पार केल्या की पुढे हरत गेलं तरी निदान कॉन्फरन्स लीग या युरोपातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेचे सहा सामने पक्के. दुसऱ्या फेरीत अडखळलं तर मात्र शरद ऋतूत युरोपात खेळण्याची कसलीच हमी उरत नाही.