बारावं नाव

मोठी स्पर्धा जवळ आली की आमच्या घरातली निवड समिती बसते. समिती म्हणजे बाबा, माझी लेक आणि दाराची बेल वाजली की उठावं लागतं म्हणून मताचा अर्धाच हक्क असलेला मी. बाबा पाठकोऱ्या कागदावर नावं लिहितात. सहा बॅट्समन, एक कीपर, पाच बोलर. मग पेन्सिलीचं टोक टेकवत मोजतात, आणि दर वेळी बारा भरतात. एक नाव खोडायचं असतं आणि ते कुणालाच खोडवत नाही. क्रिकेटमधला अष्टपैलू याच अडचणीतून जन्माला आला असावा.

शब्द मात्र आपण त्याला फार भारी दिलाय. इंग्रजीतला ऑलराउंडर नुसताच गोल. आपल्याकडे त्याला हिऱ्यासारखे पैलू पाडलेत, तेही आठ. बॅटिंग, बोलिंग, फिल्डिंग, झालंच तर कप्तानी. पुढचे चार मला अजून सापडलेले नाहीत. कपिल देवकडे असावेत. 225 वनडेंत 3783 धावा आणि 253 बळी, आणि वर 1983 च्या विश्वचषकात टनब्रिज वेल्सला 17 धावांवर 5 बाद अशी दाणादाण उडाली असताना काढलेले नाबाद 175. हा माणूस होऊन गेला आणि पुढच्या सगळ्यांची पंचाईत करून गेला. जरा वेगात चेंडू टाकणारा आणि जरा बॅट फिरवणारा कुणी पोरगा आला, की आपण त्याला ‘पुढचा कपिल’ म्हणून तराजूत घालणार. ‘तुला बोलिंग का येत नाही?’ असं बॅट्समनला कुणी विचारत नाही. अष्टपैलूला मात्र दोन पेपर, आणि निकाल ज्यात कमी मार्क पडले त्याच्यावरून.

बाबांचा या जमातीवर राग आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. 2019 च्या विश्वचषकासाठी विजय शंकरला घेताना निवड समितीनं त्याच्या तिहेरी, म्हणजे ‘थ्री डायमेन्शनल’ उपयोगाचं कौतुक केलं, आणि वगळल्या गेलेल्या अंबाती रायुडूनं सामने बघायला थ्रीडी चष्मा मागवल्याचं ट्वीट केलं, तेव्हा बाबा दोन दिवस हसत होते. पुढे मँचेस्टरला पाकिस्तानविरुद्ध भुवनेश्वर कुमारचा स्नायू दुखावला आणि तो ओव्हर अर्धवट टाकून बाहेर गेला. उरलेले दोन चेंडू टाकायला शंकर आला. विश्वचषकातला त्याचा पहिलाच चेंडू, आणि इमाम उल हक पायचीत. मी विजयी मुद्रेनं बाबांकडे बघितलं. ‘बोलाफुलाला गाठ पडली,’ ते म्हणाले.

माझं म्हणणं असं की अष्टपैलूंची दोन घराणी आहेत. बॅटिंग येणारा बोलर आणि बोलिंग येणारा बॅट्समन. हल्ली सगळा जोर पहिल्या घराण्यावर. ‘आठव्या नंबरापर्यंत बॅटिंग पाहिजे’ हे वाक्य कानावर पडलं की मला वाटतं, मग पहिले सात काय हवापालटाला आलेत? माझा जीव दुसऱ्या घराण्यावर. 1983 च्या विश्वचषकात लॉर्ड्सच्या फायनलला मोहिंदर अमरनाथ बागेत फिरायला निघाल्यासारखा धावत येत होता. 26 धावा आणि 12 धावांत 3 बळी. सेमीफायनलचा सामनावीर तोच, फायनलचाही तोच. 1993 च्या हीरो कपच्या सेमीफायनलला दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरमध्ये 6 हव्या असताना चेंडू सचिननं घेतला आणि दिल्या 3. 2011 च्या विश्वचषकात युवराज, 362 धावा आणि 15 बळी. हे लोक मुळात ओव्हर उरकायला आलेले. पाचव्या बोलरच्या दहा ओव्हर आपल्याकडे टाकल्या जात नसत, उरकल्या जात. पाहुणे यायच्या आत घर आवरावं तशा.

हे घराणं एकाएकी आटलं, त्यात नियमांचा मोठा हात आहे. 2011 च्या अखेरीपासून वनडेत दोन्ही टोकांनी वेगवेगळे नवे चेंडू आले. चेंडू जुना होऊन मऊ पडेना. पुढच्या वर्षी मधल्या ओव्हरांत मैदानातल्या आतल्या वर्तुळाबाहेर पाचऐवजी चारच फिल्डर ठेवता येऊ लागले. एक फिल्डर आत आला आणि उरकणाऱ्यांचा धंदा बसला. त्यात नेटमध्ये सरावाला थ्रोडाउन, म्हणजे हातानं फेकून चेंडू, टाकायला वेगळी माणसं आली, मग बॅट्समननं हात कशाला झिजवायचा? आयपीएलनं 2023 पासून इम्पॅक्ट प्लेअर आणला, सामन्याच्या मध्येच एकाला बाहेर काढून त्याच्या जागी दुसरा उतरवायचा. म्हणजे बाबांच्या बाराव्या नावाला चक्क कायदेशीर मान्यता. त्यानं अष्टपैलू घडायचे थांबतील, असं खुद्द रोहित शर्मानं बोलून दाखवलं. बाबांना मात्र नियम पसंत आहे. पेन्सिल खाली ठेवता येते.

2023 चा विश्वचषक आम्हां दोघांनाही पुरून उरला. पुण्यात हार्दिक पंड्याचा घोटा मुरगळला आणि त्याच्या ओव्हरचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीनं टाकले. मग संघ पाच बोलरांवर आला, शमीनं त्या स्पर्धेत 24 बळी काढले, आणि बाबा रोज विचारायचे, ‘अडलं का काही तुझ्या अष्टपैलूवाचून?’ नेदरलँड्सविरुद्ध तर कोहली आणि रोहित दोघांनी एकेक बळी घेतला. मी माझ्या घराण्याचा पुनर्जन्म साजरा केला. मग अहमदाबादची फायनल. आठव्या नंबरावर शमी बॅट घेऊन निघाला तेव्हा घरात कुणी बोलत नव्हतं. 240 वर सगळे बाद, आणि विश्वचषक गेला. त्या दिवशी हवा होता तो नेमका मी हसतो त्या घराण्यातला माणूस. पुढच्या वर्षी बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या फायनलमध्ये अक्षर पटेलला पाचव्या नंबरावर पाठवलं, त्यानं 31 चेंडूंत 47 काढल्या, आणि शेवटच्या ओव्हरमध्ये समोरच्यांना हव्या असलेल्या 16 धावा हार्दिकनं होऊ दिल्या नाहीत. आता मी आठव्या नंबराबद्दल जरा जपून बोलतो.

लेक या वादात फारशी पडत नसे. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत महिला विश्वचषकाची फायनल होती. ऐन वेळी बदली म्हणून संघात आलेल्या शफाली वर्मानं 87 काढल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेची जोडी जमली आणि कप्तान हरमनप्रीतनं चेंडू शफालीकडे दिला.

‘हिला बोलिंग येते?’ बाबा म्हणाले.

दुसऱ्याच चेंडूवर सुने लुस गेली. पुढच्या ओव्हरला मारिझान काप.

‘आली की, आजोबा,’ लेक म्हणाली.

उरलेलं काम दीप्ती शर्मानं केलं. बॅटनं 58, मग 39 धावांत 5 बळी. स्पर्धेत 215 धावा आणि 22 बळी. इथे मात्र ‘चिंध्या’ म्हणायची बाबांची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाठकोरा कागद लेकीनं ओढून घेतला. सहा बॅट्समन, एक कीपर, पाच बोलर. बाबांनी सवयीनं पेन्सिल टेकवत मोजलं. बारा. खोडायला म्हणून त्यांनी कागद जवळ घेतला आणि थबकले. दीप्ती दोन्ही यादींत होती. शफालीही दोन्ही यादींत.

‘नावं बारा, माणसं दहाच,’ ते हळूच म्हणाले. ‘म्हणजे एक जागा उरली.’

त्या जागेवर कुणाला घ्यायचं यावरून तिघांत जुंपली, तेवढ्यात दाराची बेल वाजली.