अंगठ्याचं काम

पास्तेल द नाता खाणारे कस्टर्डचं कौतुक करतात. करोत बापडे. हा पोर्तुगीज टार्ट ज्यांनी घरी केलाय त्यांना विचारा. कस्टर्ड म्हणजे हातावेगळं करायचं काम, जीव खातं ते त्याच्या खालचं कवच.

मैदा, मीठ, पाणी, एवढ्याचाच सैलसर, बोटांना चिकटणारा गोळा. तो लाटायचा, मऊ लोणी पसरायचं, तिहेरी घडी घालून फ्रीजमध्ये. मग पुन्हा लाटणं, पुन्हा लोणी, पुन्हा घडी. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला पाघळतं, त्यामुळे ओट्याशी गप्पा मारत रेंगाळायची सोय नाही. पाघळून ते मैद्यात मुरलं की पदर संपले. मग ओव्हनमध्ये वाफ त्यांना उचलायला जाते आणि उचलायला काही उरलेलंच नसतं.

शेवटी लोणी लावून पोळीची घट्ट गुंडाळी करायची, गार करायची आणि तिचे दोनेक सेंटिमीटरचे तुकडे पाडायचे. तुकडा कापलेली बाजू वर करून साच्यात ठेवायचा. आता अंगठा गार पाण्यात बुडवून मधोमध दाबायचा. वेटोळं पसरू लागतं. साचा फिरवत फिरवत पीठ कडेनं वर चढवायचं, तळ पातळ, काठ जरा जाड आणि साच्याच्या किंचित वर. अंगठ्याखाली ती वलयं एकेक करून रुंदावताना दिसतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्या खटाटोपात मला रस आहे तो एवढ्यातच. भाजलेला टार्ट मी आधी उलटा करून बघते. तळाशी वेटोळं उमटलेलं असेल तर पुढचं बोलणं.

भरणाचं लवकर आटोपतं. एकतारीच्या जरा अलीकडचा पाक, त्यात दालचिनीची कांडी आणि लिंबाची साल. दुधात शिजवून घेतलेला थोडा मैदा, आणि मिश्रण कोमट झाल्यावर बलक. मैदा असल्यामुळेच एवढ्या आचेत बलक फुटत नाहीत. गाळून घ्यायचं, साचे पाऊण भरायचे.

आणि आच म्हणजे आच! पोर्तुगालमधल्या बेकऱ्यांच्या भट्ट्या तीनशे अंशांच्या आसपास तापतात. घरचा ओव्हन बिचारा अडीचशेला हात टेकतो. तेव्हा तो चांगला अर्धा-पाऊण तास आधी तापवायचा आणि ट्रे सगळ्यात वरच्या खणात सरकवायचा. कस्टर्ड फुगून वर येतं, वर काळे डाग पडतात, बाहेर काढल्यावर ते पुन्हा खाली बसतं. डाग पाहून घाबरणाऱ्यांनी घाबरावं. ते नसतील तर हा टार्ट अळणी दिसतो आणि लागतोही तसाच.

मूळ कहाणी लिस्बनजवळच्या बेलेंची, जेरोनिमोस मठातली. तिथे अंड्याचं पांढरं कपड्यांना खळ करायला वापरत आणि उरलेल्या बलकांचं गोड करत, असं सांगतात. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि १८३७ पासून मठाशेजारच्या दुकानात हे टार्ट विकले जाऊ लागले. ते दुकान आजही आहे आणि कृती आजही गुपित आहे. ‘पास्तेल द बेलें’ म्हणायचे ते फक्त तिथले, बाकी सगळ्यांचे ‘नाता’. इतकं सोवळं मला जरा जास्तच वाटतं, पण रांगेत उभं राहणाऱ्यांना त्याचं काही नसावं.

ओव्हनमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, वर दालचिनी भुरभुरून, उभ्याउभ्याच खावेत. दुसऱ्या दिवशी कवच चामट होतं आणि मग कस्टर्डचं कौतुक करण्यावाचून गत्यंतर नसतं.

मठवाल्यांची अडचण आमच्याकडे उलटी होते. बलक संपतात, पांढरं उरतं. वाडगाभर पांढरं फ्रीजमध्ये झाकून ठेवलेलं असतं, आणि खळ घालावी असे कपडे आता घरात कुणी घालत नाही.