जिन्यावरचा सेबॅस्टियन

वसईत आमच्या मंडळाचा मेळावा २० जानेवारीला, संत सेबॅस्टियनच्या सणाला. तारीख आमच्या पदरची नाही, रोमच्या इ.स. ३५४ च्या हुतात्म्यांच्या यादीतही त्याचा दिवस हाच आहे. चर्चमधली मिस्सा, अहवाल, पाहुण्यांची ओळख, सत्कार हे सगळं दरवर्षी होतं आणि दरवर्षी लांबतं.

मी जाते ती मुलांच्या नाटुकल्यासाठी. रोमच्या डायोक्लेशियन बादशहाच्या पहाऱ्यातला हा अधिकारी ख्रिस्ती निघतो, म्हणून त्याला बांधून बाणांनी मारायचा हुकूम सुटतो. थर्माकोलचे बाण टाचणीने सदऱ्याला लावलेले असतात. एखादा गळतोच, मग पुढे बसलेली पोरं खिदळतात. चित्रांत नेहमी बाणच दिसतात, म्हणून बहुतेकांना वाटतं तो तिथेच गेला. छे! पुरायला न्यावं म्हणून आलेल्या विधवा आयरीनला त्याचा श्वास चालू दिसतो. ती त्याला घरी नेऊन बरा करते. बरा झाल्यावर गुपचूप रोम सोडावं ना? हा बादशहाच्या वाटेत जिन्यावर उभा राहून त्याला छळाचा जाब विचारतो. मग सोट्यांनी मारून त्याचं प्रेत गटारात टाकतात.

आमचा जिना म्हणजे शाळेची बाकं. एका वर्षी नववीतला एक अबोल मुलगा सेबॅस्टियन झाला होता. बादशहा ओरडला, "तू तर मेला होतास!" आणि हा गप्प. बाई विंगेतून वाक्य पुटपुटायला लागल्या. तेवढ्यात तो सावकाश म्हणाला, "तुला सांगायचं राहिलं होतं, म्हणून देवाने परत पाठवलं." आजही त्या वाक्याला माझा पदर डोळ्यांना लागतो.

हे बघायला असतं कोण, विचारू नका. किल्ल्यातल्या सेबॅस्टियन बुरुजावर, चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वेढ्यावर व्याख्यान ठेवलं, तर हॉल ओसंडला. नोव्हेनाला, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, नऊ संध्याकाळी तेच ते चेहरे, आणि जेवणाच्या वेळी मात्र सांदणं पुरत नाहीत. प्लेगच्या साथीत ज्याचा धावा करायचे त्या संताचा मेळावा २०२१ मध्ये साथीनेच बंद पाडला, तेव्हा हीच मंडळी सर्वांत जास्त हळहळली!

सांदणं वाफवणाऱ्या मावश्या, आरास करणाऱ्या सिस्टर, पैसे न घेणारा माईकवाला, बँडमधले दोघे भाऊ, बाणांना चंदेरी कागद चिकटवणारी पोरं, गाड्या लावून देणारे, मागे थांबून खुर्च्या मोजणारे, सगळ्यांचे आभार. हॉलची चावी सांभाळणारे शेजारचे काका गेल्या खेपेला आभारांतून राहिले आणि महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. यंदा त्यांचंच नाव पहिलं घ्या, असं सेक्रेटरींना मी बजावून ठेवलंय.