आधी कारण, मग गॅस्केट : आमची वाटचाल

कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरणारा रस्ता आहे, त्या रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. इथून भाजीपाला कोकणात जातो आणि परतीला मासळी वर येते. चढ सगळा परतीच्या वाटेवर. एप्रिलच्या उन्हात भरलेली ओम्नी किंवा छोटा हत्ती खालच्या गिअरवर घाट चढतो, तेव्हा इंजिनावर पूर्ण जोर असतो आणि वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा मिळत नाही. पाणी जरा कमी असलं तरी काटा लाल पट्ट्याला टेकतो. आमच्या धंद्याची सुरुवात या गरम झालेल्या गाड्यांनीच करून दिली.

मी उस्तादांच्या हाताखाली शिकलो तो काळ मारुती व्हॅनचा. ही गाडी १९८४ साली आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे सीट उचलली की काम समोर. त्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, बिडाचा आणि त्यावर झाकणासारखं बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. या दोघांच्या मध्ये पातळ गॅस्केट, आणि त्याने एकाच वेळी तीन गोष्टी अडवायच्या असतात : सिलिंडरमधल्या स्फोटाचा दाब, ऑईल आणि पाणी. गाडी बेसुमार तापली की हेड वाकतं, गॅस्केटवरचा दाब कुठेतरी सैल पडतो आणि तिथून वाट फुटते.

स्वतःचं गॅरेज टाकल्यावर एक गोष्ट पहिल्यापासून ठरवली. कारण सापडल्याशिवाय गॅस्केट टाकायचं नाही. नव्या गॅरेजला हे जड गेलं. "दादा, नुसतं गॅस्केट टाका, संध्याकाळी भाडं आहे," असं म्हणणारा माणूस परत पाठवावा लागायचा. त्याची अडचण खरी असते. हप्ता असतो, माल नासतो. पण गॅस्केट आपणहून क्वचितच जातं. रेडिएटरची जाळी क्षारांनी बुजलेली असते, पंखा वेळेवर सुरू होत नाही, वॉटर पंप गळतो, रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं. झाकण साधं वाटतं, पण ०.९ बारचा शिक्का असलेलं चांगलं झाकण पाण्यावर दाब धरतं, म्हणून पाणी १०० अंशांवर न उकळता ११५ च्या पुढे टिकतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढून फेकायची आपल्याकडची रीत मला अजिबात मान्य नाही. त्याने इंजिन योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दोष लपून राहतो.

तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो. काम आमच्याकडे केलं तर बिलातून वजा करतो. सुरुवातीला लोकांना हे खटकलं, पण फरक दिसला तसे तेच दुसऱ्यांना पाठवू लागले. आमच्या भागात पावसाळ्यात ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते. कोयनेच्या दमट हवेत गाडी जवळच्या जवळच फिरली की आतली वाफ तिथे जमते. तेवढ्यावरून, गॅस्केट फुटून ऑईलमध्ये पाणी गेलं असं समजून, हेड उचलायला सांगितलेली माणसं आमच्याकडे आली आहेत. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवरचं, ऑईल स्वच्छ असेल, पाणी कमी होत नसेल, तर आम्ही गाडी तशीच परत देतो. रेडिएटरमधल्या बुडबुड्यांचंही तसंच. पाणी नुकतं बदललं असेल तर अडकलेली हवा निघत असते. न थांबता बुडबुडे येत राहिले, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर वरचा होस कडक झाला, बाहेर गळती नसताना पाणी संपू लागलं, की संशय पक्का होत जातो. मग रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची नळी लावायची. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल-सीएनजी गाडीत द्रावण पिवळं पडतं. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची मोजणी. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलेलं असण्याची शक्यता मोठी. एकच कमी असेल तर त्यात थोडं ऑईल सोडून पुन्हा मोजतो. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

हेड गरम असताना आम्ही उचलत नाही. बोल्ट बाहेरून आत, थोडेथोडे सैल करायचे, नाहीतर धड असलेलं हेडसुद्धा वाकतं. त्यामुळे तापून आलेली गाडी त्याच दिवशी देण्याचा शब्द आम्ही कोणालाच देत नाही. मग सरळपट्टी आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या : ओम्नीच्या हेडवर ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट दिसली की हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, जातं, तडा तपासूनच परत येतं. ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑईल राहिलं तर आवळताना ब्लॉकला चीर जाऊ शकते, म्हणून हवेने भोकं साफ करणं हे मी नव्या पोरांना पहिलं शिकवतो. आवळणं मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्यानेच. गॅरेजमधली पहिली महागडी खरेदी तो पाना होता आणि आजही तो कुणी बाहेर उसना नेत नाही.

ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. आता दारात ईको जास्त, तीही बहुतेक सीएनजीवर. नव्या इंजिनांत पोलादी थरांचं गॅस्केट असतं. त्याला जुन्यापेक्षा कितीतरी गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. घासकागदाने घासून भागत नाही, कारण घासताना खळगे पडतात आणि कण ऑईलमध्ये जातात. फेसिंगसाठी आम्ही अजून बाहेरच्या मशीन शॉपवर अवलंबून आहोत, आणि हंगामात तिथे हेड दोन-तीन दिवस पडून राहतं. गाडीवाल्याचे तेवढे दिवस बुडतात. म्हणून मागची जागा घेतली आहे. तिथे स्वतःचं फेसिंग मशीन बसवायचं आहे. पाया घालून झाला, थ्री-फेज जोडणीचा अर्ज दिला आहे, आणि उन्हाळ्याआधी मशीन चालू व्हावं असा आमचा प्रयत्न आहे.