बैठक सकाळी अकरालाच का?

शाळा व्यवस्थापन समिती म्हटलं की आमच्या भागातल्या बहुतेक आयांना बैठकीचं रजिस्टर आठवतं. पोराच्या दप्तरातून घरी येतं, पोरगंच बोट दाखवतं, इथं सही कर म्हणून, सही होते आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर परत शाळेत. बैठक झाली का, कशावर झाली, ठराव काय होता, कुणालाच माहीत नसतं, आणि हे इतकं सर्रास चालतं की कुणाला त्यात वावगं वाटणंच बंद झालंय. मला याचाच जास्त त्रास होतो.

कारण कायद्यानं पालकांच्या हातात जे दिलंय ते लहान नाहीये. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, त्याचं कलम 21 एकदा तरी वाचा. समितीत कमीत कमी 75 टक्के पालक पाहिजेत, निम्म्या महिला पाहिजेत, वंचित आणि दुर्बल घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणं अध्यक्ष पालकांमधलाच आणि मुख्याध्यापक सचिव. म्हणजे हेडमास्तरांनी बैठक बोलवायची, प्रोसिडिंग लिहायचं, हिशोब मांडायचा, आणि विचारायचं पालकांनी. शाळेचा विकास आराखडासुद्धा समितीनंच करायचा. समग्र शिक्षा अभियान या सरकारी योजनेत 31 ते 100 पटाच्या, म्हणजे तेवढी मुलं असलेल्या शाळेला वर्षाला 25 हजारांपर्यंत अनुदान धरलेलं आहे, त्यात साहित्य, लाइट बिल, किरकोळ दुरुस्ती, संडासाची सफाई सगळं बसवायचं असतं, आणि पैसा एवढा कमी असतो म्हणूनच आधी काय करायचं हे ठरवायला आया तिथं बसलेल्या पाहिजेत. मुलींच्या संडासाला दार नाही ही गोष्ट त्या पहिल्या मिनिटाला सांगतील. त्या नसल्या की भिंती रंगवायचा ठराव होतो.

आता बैठक ठेवतात कधी, तर सकाळी अकराला, शाळेच्या वेळेत. त्या वेळेला आमच्याकडं निम्मं गाव भांगलणीला नाहीतर दुसऱ्याच्या रानात असतं. बैठकीला यायचं म्हणजे एका बाईचा अख्ख्या दिवसाचा रोजगार बुडतो, अर्धा दिवस कामावर कुणी घेत नाही. मग येतं कोण? ज्यांचं दुकान चौकात आहे ते, ज्यांना गावात पद पाहिजे ते, आणि अध्यक्षपद तर कित्येक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या राजकारणातून आधीच ठरलेलं असतं. 50 टक्के महिला कागदावर असतात, त्यातल्या काही जणींना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं हो! आणि वर स्टाफरूममध्ये काय बोललं जातं, तर पालकांना शाळेचं काही पडलेलं नाही. हे ऐकलं की मला फार राग येतो. पडलेलं नसतं तर पोराची वही घेऊन रात्री शेजारच्या कॉलेजच्या मुलीकडं अभ्यास विचारायला कोण जातं?

हेडमास्तरांची अडचण मला कळते. प्राथमिक शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापक कायद्यानं 150 च्या वर पट असेल तरच, त्यामुळं लहान गावात दोन शिक्षकांपैकी जो सीनियर त्याच्याकडं चार्ज, तोच चौथीला शिकवणार, तोच पोषण आहाराचा तांदूळ मोजणार, तोच यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नोंदीत, शाळेची माहिती भरणार आणि तोच केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात फोटो टाकणार. वरून मागितलेली माहिती उशिरा गेली तर नोटीस येते, पण सहा महिने समितीची खरी बैठक झाली नाही तर कुणी विचारत नाही. माणूस जिथून विचारणा होते तिकडंच तोंड करून उभा राहतो. म्हणून मी एकट्या सरांना दोष देत नाही, पण बैठक बोलवायची जबाबदारी त्यांचीच आहे आणि ती त्यांनी घ्यायलाच पाहिजे.

गावानं शाळा आपली मानली की काय होतं हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याचं बोर्डिंग 1924 चं, आणि सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत जेवत होती ती लोकांनी दिलेल्या धान्यावर. आज लोकसहभाग म्हटलं की गावाकडनं टीव्ही, संगणक, फरशी, रंगाचे डबे मागतात आणि गाव देतं पण, कौतुकानं देतं. पण ज्यानं वर्गणी दिली त्यानं हिशोब विचारला की लगेच तो शाळेत राजकारण करणारा होतो, हे कुठलं नातं झालं?

शहरातल्या पालकांचं वेगळंच आहे. विनाअनुदानित शाळांना कलम 21 लागूच नाही, तिथं फीच्या 2011 च्या कायद्याखाली पालक शिक्षक संघ असतो, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते आणि फीवाढीचा प्रस्ताव तिच्यापुढं ठेवावा लागतो. तुमच्या शाळेत चिठ्ठ्या कुणी काढताना पाहिल्यात का? आणि विषय फक्त फीचा नाहीये. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं, पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. चिमुरड्या मुलींचे आईबाप तक्रार घेऊन तासन्‌तास पोलीस ठाण्यात बसले, शाळेनं पोलिसांना का कळवलं नाही हे शेवटी हायकोर्टाला विचारावं लागलं, आणि 20 तारखेला लोक रेल्वे रुळावर उतरले. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आहे. तरी शाळेचं नाव खराब होईल ही भीती आधी येते. जिथं रोजच्या साध्या तक्रारीला पालकाला खुर्ची दिली जात नाही तिथं एवढी मोठी तक्रार घेऊन आई कुठल्या भरवशावर जाईल?

आम्ही काही पालकांनी मिळून शाळेला लेखी अर्ज दिलाय. बैठक संध्याकाळी सातला ठेवा, विषय तीन दिवस आधी दाराशी लावा, आलेला आणि खर्च झालेला पैसा समितीत मोठ्यानं वाचून दाखवा कारण सगळ्यांना वाचता येत नाही, आणि रजिस्टर घरी पाठवू नका. सर वाचून म्हणाले, सातला मला गावी जायला गाडी नसते. ते पण खरं आहे, ते तालुक्याहून येतात. मग आम्ही अर्जात एक ओळ वाढवली, की सात जमत नसेल तर रविवारी सकाळी आठला, खुरपं घेऊन रानात निघायच्या आधी, आणि सरांना आणायची-सोडायची गाडी आमची.