बावीस मिनिटं

गुरुवार, रात्री अकरा

काल संध्याकाळपासून मन ठिकाणावर नाहीये म्हणून लिहायला बसले. मुलगी बारावीला आहे, ठाण्याला क्लास, सात सव्वासातपर्यंत डोंबिवलीत पोचते. काल तिचा लोकेशनचा ठिपका कळवा-मुंब्र्याच्या मधे थांबला आणि हलेचना. फोन लावला तर बंद. मेसेज केला तर एकच टिक. एम-इंडिकेटर उघडलं, ते लोकलचं ॲप, त्यात कोण म्हणतंय सिग्नल गेलाय, कोण म्हणतंय माणूस पडला गाडीतून, आणि ते वाचल्यावर माझे हातपाय गारच पडले. बावीस मिनिटं. नक्की आकडा माहितीये कारण मी सारखी घड्याळ बघत होते, गॅसवरची भाजी करपली ते वासावरून कळलं.

ती आली. फोनची बॅटरी संपलेली आणि गाडी लेट, बस एवढंच होतं. आणि मी काय केलं तर दारातच तिच्यावर ओरडले, पॉवर बँक का नेत नाहीस म्हणून. पाणीसुद्धा विचारलं नाही. ती गप्प आत गेली.

मग रात्री झोप येईना आणि एकदम 26 जुलै आठवला, 2005 चा. मी एकोणीस वर्षांची होते, आम्ही चाळीत राहायचो डोंबिवलीतच. माझे वडील, अण्णा, दक्षिण मुंबईत फोर्टला कामाला. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 944 मिमी पाऊस झाला पण तिकडे कुलाब्याला शंभरसुद्धा नव्हता, त्यामुळे ऑफिसात बसलेल्या माणसांना काही पत्ताच नव्हता उपनगरात काय चाललंय त्याचा, अण्णा नेहमीच्या वेळेला निघाले आणि गाडी सायनच्या पुढे अडकली. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांचेही लागत नव्हते. आमच्या मजल्यावरच्या सहा घरांतली चार माणसं त्या रात्री बाहेर होती.

आख्खी रात्र सगळे गॅलरीत. लाईट नव्हते, कंदील लावलेला, कोणीतरी पिठलं केलं ते सगळ्यांनी खाल्लं. एकेक जण भिजून यायचा आणि वाटेत काय बघितलं ते सांगायचा, कुर्ल्याला पाणी किती, रुळावरनं माणसं चाललीयेत, वस्तीतले लोक बिस्किटं नि चहा देतायत. तेवढ्यावर आई पुढचे दोन तास काढायची. अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आले. आई एक शब्द बोलली नाही, गरम पाणी काढून दिलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्या माऊलीने जवळजवळ वीस तास काढले आणि मला बावीस मिनिटं निघाली नाहीत. मी तिच्यापेक्षा कमी काळजाची आहे असं मला नाही वाटत. पण तिला माहितीच नव्हतं की अण्णा नेमके कुठेयत, त्यामुळे थांबण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मला ठिपका दिसतो रोज, हलताना दिसतो, त्याची मनाला इतकी सवय झालीये की तो थांबला की वाईटच झालं असणार असं वाटतं. त्यात ठिपका फक्त जागा सांगतो. ती बसलीये का लोंबकळतीये, घाबरलीये का मैत्रिणींशी गप्पा मारतीये, काही कळत नाही.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाईल, टीव्ही बंद. मुलांच्या अभ्यासासाठी केलंय ते. आज दिवसभर मी त्याचाच विचार करत होते, तिथे त्या वेळेला कोणाचा फोन लागला नाही तर कोणी घाबरत नसेल ना, कारण सगळ्या गावाचाच बंद असतो. इथे एकटीचा बंद झाला की आईच्या छातीत धडधड.

आज सकाळी लिफ्टमधे शेजारची भेटली. आमच्या दारात आणि तिच्या दारात चार पावलांचा पॅसेज आहे. म्हणाली, काल गाड्यांचा काय गोंधळ होता हो, आमचे मुंब्र्याला अडकलेले, मी खिडकीतच उभी होते हातात फोन घेऊन. म्हणजे त्याच वेळेला. मधे एक भिंत. मी तिला म्हटलं मीसुद्धा उभी होते हो, आणि मला एकदम रडूच आलं लिफ्टमधे, तिने माझा दंड धरला, तेवढ्यात तळमजला आला.

परत असं झालं तर बेल वाजवा, अगदी रात्री कितीही वाजले तरी, असं सांगितलं तिला. ती हो म्हणाली. चार वर्षं झाली आम्हाला इथे, तिच्या दारावर नुसतं आडनाव आहे, नाव उद्या विचारते.

मुलगी झोपलीये. तिला अण्णांची ती रात्र अजून कधी सांगितलेली नाही.