घरची लॅब, नोंद ३: व्हीएसएफटीपीडीचं मागचं दार

ऐरोली-घणसोलीच्या मंडळींसाठी या आठवड्याचं काम एकच: मेटास्प्लॉइटेबल २ चं (सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेलं लिनक्स मशीन) २१ नंबरचं पोर्ट. तिथे व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी, म्हणजे फाइल देवाणघेवाणीचा, सर्व्हर चालतो.

८ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात दुसरे आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) कालीला, म्हणजे ज्यातून तपासणी करायची त्या लिनक्सला, २ जीबी, मेटास्प्लॉइटेबलला ५१२ एमबी. त्याची डिस्क व्हीएमडीके स्वरूपात येते, ती ३२-बिट उबुंटू मशीनला जोडायची. प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये पीएई/एनएक्सवर टिक करायची राहिली तर कर्नल सुरूच होत नाही.

दोन्ही मशीनचं नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’च हवं, म्हणजे ती फक्त लॅपटॉपशी आणि एकमेकांशीच बोलतात. ‘ब्रिज्ड’ ठेवलं तर टीव्ही, कॅमेरा, घरच्यांचे फोन ज्या राउटरवर आहेत, तिथेच हे भोकंभोकं असलेलं मशीन जाऊन बसतं. मेटास्प्लॉइटेबलमधून ८.८.८.८ ला पिंग मारा. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ दिसल्यावरच पुढे जा. सोसायटीचे सीसीटीव्ही किंवा शेजाऱ्यांचं वायफाय सरावासाठी नाही. परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं.

नुसतं एनमॅप (पोर्ट तपासायचं साधन) चालवलं तर ते नेहमीचे १००० पोर्टच बघतं आणि ३६३२ वरची डिस्टसीसीडी ही सेवा सुटते. म्हणून सगळे ६५,५३५ पोर्ट तपासायचे, सोबत आवृत्ती ओळखायचा पर्याय. २१ वर ‘व्हीएसएफटीपीडी २.३.४’ दिसेल.

इथे बहुतेकांची घाई होते. दोष २.३.४ च्या मूळ कोडमध्ये नव्हता. जुलै २०११ च्या सुमारास डाउनलोडसाठी ठेवलेल्या संग्रह-फाइलमध्ये कोणीतरी मागचं दार घुसवलं होतं. साफ २.३.४ सुद्धा हाच बॅनर (जोडल्यावर सर्व्हर दाखवतो ती नाव-आवृत्तीची ओळ) दाखवतं! तेव्हा बॅनर म्हणजे फक्त संशय. वहीत ‘दिसलं’ आणि ‘पडताळलं’ असे दोन वेगळे रकाने आखा.

पडताळणी मेटास्प्लॉइटशिवाय (तयार हल्ल्यांचं साधन), हातानेच करा, म्हणजे काय घडतं ते समजतं. नेटकॅटने (कुठल्याही पोर्टला थेट जोडणारं साधन) २१ वर जोडा, युजरनेमच्या शेवटी कोलन आणि उजवा कंस टाका, पासवर्ड काहीही द्या. उत्तर येत नाही, टर्मिनल थिजल्यासारखं वाटतं. ते बंद करू नका. मागचं दार ६२०० नंबरच्या पोर्टवर उघडतं, दुसऱ्या टर्मिनलमधून तिथे जोडा. प्रॉम्प्ट दिसणार नाही, तरी ‘आयडी’ टाइप करा: यूआयडी ० आलं की रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळालं.

दुसऱ्यांदा जमलं नाही तर बहुधा ६२०० अडकून पडलेलं असतं. मशीन रीस्टार्ट करा किंवा आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर (मशीनची जपून ठेवलेली स्थिती) परत जा.

पुढच्या नोंदीत ४४५ वरचं सांबा, म्हणजे फाइल शेअरिंगची सेवा.